हार्डनर वाढवून इपॉक्सी लवकर पक्कं होत नाही: अमाईन हार्डनरचं माप, हवा आणि ऊब

"थंडी आहे, हार्डनर जरा जास्त टाकू का?" नाशिकच्या अंबड-सातपूरच्या शेडमध्ये डिसेंबरात इपॉक्सीचं काम निघालं की हा प्रश्न येतोच. त्याचं मूळ फायबरच्या कामात आहे. पॉलिस्टर रेझिनवर हात बसलेला कारागीर कोबाल्ट (ॲक्सिलरेटर) मिसळून झाल्यावर एमईकेपी हा कॅटलिस्ट टाकतो. ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास हवेनुसार कमी-जास्त करायची त्याला सवय असते. तिथं ते चालतं. एमईकेपी म्हणजे दुधाला लावलेलं विरजण. थंडीत चमचाभर जास्त लावलं म्हणून दही बिघडत नाही, कारण दही दुधाचंच होतं.

इपॉक्सीत हार्डनर विरजण नाही. येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल: रेझिन हा ताणा आणि अमाईन, म्हणजे हार्डनर, हा बाणा. बाण्याचं सूत दुप्पट आणून ठेवलं म्हणून पैठणी लवकर विणून होत नाही, उरलेलं सूत नुसतं लोंबत राहतं. वेग वाढवायचा असेल तर त्याचे रस्ते तीन: ऊब, वेगळ्या जातीचा हार्डनर किंवा ॲक्सिलरेटर. माप मात्र ठरलेलं आहे, ते हलवायचं नाही.

आणि "सुकणं" हा शब्द इथं फसवा आहे. रंगातला थिनर उडतो तसं यात काही उडून जात नाही. शंभर ग्रॅम ओतलं तर जवळजवळ शंभर ग्रॅमच दगडासारखं होतं.

एका हायड्रोजनला एक कडी

नेहमीच्या द्रव इपॉक्सी रेझिनच्या रेणूला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला ताणलेली, उघडायला टपलेली एक कडी. अमाईनमधल्या नायट्रोजनला चिकटलेला प्रत्येक हायड्रोजन अशी एक कडी उघडतो आणि पकडतो. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतील तर पहिला पटकन लागतो, दुसरा जरा रेंगाळतो. हा दुसरा लागला की सरळ साखळ्यांचं जाळं व्हायला लागतं, आणि मगात काडी फिरवताना हाताला जी जडपणाची जाणीव होते ती हीच.

प्रत्येक कडी उघडताना एक हायड्रॉक्सिल गट तयार होतो आणि तोच पुढच्या कड्या उघडायला मदत करतो. शिवाय उष्णता निघते. त्यामुळे सुरुवातीला वीस मिनिटं "काहीच होत नाही" असं वाटतं आणि नंतरच्या पाच मिनिटांत मालाचा मग हातात धरवत नाही. हा वेग मध्येच आवरता येत नाही, त्यामुळे जे काही ठरवायचं ते मिसळण्याआधी.

माप कसं काढायचं

रेझिनच्या टीडीएसवर, म्हणजे माहितीच्या कागदावर, ईईडब्ल्यू हा आकडा असतो: किती ग्रॅम रेझिनमध्ये कड्यांचं एक ठरलेलं माप (इक्विव्हॅलंट) आहे ते. साध्या द्रव रेझिनचा तो १८२ ते १९२ च्या दरम्यान असतो, हिशेबाला १९० धरा. हार्डनरच्या कागदावर एएचईडब्ल्यू असतो: तेवढ्याच कड्यांना पुरतील इतके हायड्रोजन किती ग्रॅम हार्डनरमध्ये आहेत ते. तो नसेल आणि हार्डनर शुद्ध रसायन असेल, तर रेणुभाराला सक्रिय हायड्रोजनांच्या संख्येनं भागायचं. ट्रायइथिलीन टेट्रामाईन, म्हणजे बाजारातला टेटा, याचा रेणुभार १४६.२ आणि हायड्रोजन ६, म्हणून २४.४. पुढचं सूत्र एकच:

१०० ग्रॅम रेझिनला लागणारा हार्डनर = एएचईडब्ल्यू × १०० ÷ ईईडब्ल्यू

टेटासाठी २४.४ × १०० ÷ १९० = १२.८ ग्रॅम. आयसोफोरोन डायअमाईनचा एएचईडब्ल्यू ४२.६, म्हणून २२.४ ग्रॅम. कास्टिंगच्या हार्डनरांत जे पॉलिइथर अमाईन, म्हणजे डी-२३०, असतं त्याचा ६०, म्हणून ३१.६ ग्रॅम. फ्लोअरिंगच्या तयार हार्डनरचा एएचईडब्ल्यू ९५ च्या आसपास असला तर ५० ग्रॅम. म्हणजे एका डब्यावर १०० ला १२ आणि दुसऱ्यावर १०० ला ५० लिहिलंय म्हणून पहिला "स्ट्राँग" आणि दुसरा "पाणी घातलेला" असं काही नसतं. रेणू जड आहे किंवा सोबत बेंझिल अल्कोहोलसारखं पातळ करणारं द्रव आहे, इतकाच त्याचा अर्थ.

एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर (हा टेटाच) ही जोडी वापरणारे इथं थबकतील, कारण कागदावर १०० ला १० ते १२ असतं, १२.८ नाही. ते बरोबर आहे. हायड्रोजन संपलेला नायट्रोजन उरलेल्या काही कड्या एकमेकींना जोडून देतो, त्यामुळे अशा अमाईनमध्ये थोडं हात राखून घातलेलं खपतं. मोकळं अमाईन कमी राहतं, तापणंही जरा आटोक्यात येतं. पुरवठादारानं आकडा दिला असेल तर तोच पाळा. सूत्र वापरायचं ते रेझिनमध्ये तुम्ही स्वतः काही मिसळलं असेल तेव्हा.

आणि सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. समजा, ९० ग्रॅम रेझिनमध्ये पातळ करायला १० ग्रॅम रिॲक्टिव्ह डायल्युएंट घातलं, ज्याचा ईईडब्ल्यू २८५ आहे. ९० ÷ १९० = ०.४७४ आणि १० ÷ २८५ = ०.०३५, एकूण ०.५०९. त्याला २४.४ नं गुणलं की १२.४ ग्रॅम टेटा. आता यात ५० ग्रॅम सिलिका पावडर टाकली. हार्डनर किती? तेवढाच, १२.४. पावडरीला कड्या नसतात. पण शेडमध्ये सकाळीच पावडर घालून ठेवलेली बादली असते, हेल्पर त्यातून १५० ग्रॅम उचलतो, "बारा टक्के" म्हणून १८ ग्रॅम हार्डनर ओततो आणि पंचेचाळीस टक्के जादा अमाईन आत जातं. असा माल जेल होतो, वरून कडक दिसतो. पुढं नख रुततं, पाणी शोषतं, आणि मग दोष रेझिनच्या लॉटला. पावडर घातलेल्या बादलीवर खडूनं लिहून ठेवा: "इतक्या मालात रेझिन इतकं".

लहान रेणूच्या अमाईनमध्ये मापाची चूक ५ टक्क्यांच्या आत हवी. पॉलिअमाइड हार्डनर बरंच सोसतात, म्हणूनच दोन ट्यूब समसमान पिळून लावायचं घरगुती ॲडेझिव्ह अंदाजपंचे लावूनही चिकटतं. ती सवलत टेटाला लागू नाही.

कोणत्या कामाला कोणता

टेटा आणि त्याचा धाकटा भाऊ डेटा (डायइथिलीन ट्रायअमाईन): पाण्यासारखे पातळ, स्वस्त, चपळ. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅमचा मग साधारण अर्ध्या तासात जातो. काचकापडाचं लॅमिनेशन, छोटं पॉटिंग (विजेचे भाग डब्यात ठेवून वर रेझिन ओतणं), दुरुस्ती यांना चांगले. जाड ओतकामाला आणि ओल्या हवेतल्या कोटिंगला वाईट. त्वचेला जाळतात.

आयसोफोरोन डायअमाईन नुसतं वापरलं तर साध्या हवेत अर्धवट जागी गोठून ठिसूळ राहतं. बाजारात ते बेंझिल अल्कोहोल आणि थोडा ॲक्सिलरेटर घालून किंवा रेझिनशी आधीच थोडी क्रिया करवून, म्हणजे ॲडक्ट करून, येतं. फॅक्टरीच्या फ्लोअरिंगला हेच. रंग उजळ राहतो, ब्लश (ओल्या हवेत वर येणारा मेणचट थर) कमी, रसायनांना टिकाव चांगला.

पॉलिइथर अमाईन संथ. १०० ग्रॅमचा मग कित्येक तास ओतण्याजोगा राहतो, बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. ओतकामाला, पारदर्शक कामाला हे घ्या. बदल्यात उष्णता सोसण्याची ताकद कमी मिळते.

पॉलिअमाइड घट्ट, लवचिक, पाण्याला आणि धातूला चांगलं धरणारं. प्राइमर आणि ॲडेझिव्ह. मिसळल्यावर कोटिंगचा माल १५ ते २० मिनिटं तसाच मुरू द्यायचा आणि मग लावायचा. ही मुरवण पॉलिअमाइड आणि ॲडक्टसाठी आहे. तीच टेटाला लावलीत तर ब्रश मगातच उभा राहील.

फेनाल्कमाईन मात्र आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. काजूच्या टरफलातल्या तेलातून कार्डॅनॉल काढतात, त्यावर फॉर्मल्डिहाइड आणि अमाईन यांची क्रिया करून हे बनतं. कोकणात काजू फोडताना हाताची कातडी सोलवटणारा जो चीक, त्याच कुळातला हा माल. ५ अंशांपर्यंतच्या थंडीत आणि किंचित ओलसर पृष्ठभागावरही हा पक्का होतो. रंग तांबूस-तपकिरी, म्हणून पारदर्शक कामाला बाद. पण जानेवारीत टाकीला आतून कोटिंग करायचं असेल तर टेटा वाढवत बसण्यापेक्षा हा घ्यावा.

डीडीएम, डीडीएस हे ॲरोमॅटिक (बेंझिनचं कडं असलेले) अमाईन साध्या हवेत चालतच नाहीत, ओव्हन लागतो. विमानाच्या कंपोझिटसाठी डीडीएस वापरतात, १८० अंशांच्या आसपास पक्कं करतात. डीडीएमचा कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय आहे. छोट्या वर्कशॉपनं त्याच्या वाटेला जाऊ नये.

वजन करणं, घोटणं

माप वजनानं घ्या. रेझिनची घनता १.१६ च्या आसपास, टेटाची ०.९८. वजनाचं १००:१२ हे आकारमानात १००:१४ होतं. झाकणानं मोजणारा माणूस १२ झाकणं टाकतो तेव्हा त्याच्या नकळत हार्डनर एक सप्तमांश कमी पडतो. २०० ग्रॅमच्या वर माल असेल तर १ ग्रॅमचा काटा चालतो. ५० ग्रॅमच्या मालात टेटा फक्त ६ ग्रॅम येतो, तिथं अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे आठ टक्के. त्याला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटाच हवा.

आधी रेझिन ओता, काटा शून्य करा, मग हार्डनर. रेझिन घट्ट असतं आणि हार्डनर पाण्यासारखा, तो वर तरंगतो आणि भिंतीला चिकटलेल्या रेझिनपर्यंत पोचत नाही. सपाट पट्टीनं तीन मिनिटं घोटा, दर अर्ध्या मिनिटानं कडा आणि तळ खरवडून. सुरुवातीला मगात साखरेच्या पाकात पाणी ओतल्यासारख्या रेघा दिसतात. प्रकाशाकडे धरून बघा, त्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय थांबायचं नाही. मग सगळा माल दुसऱ्या कोरड्या मगात ओता आणि आणखी एक मिनिट घोटा. पहिल्या मगाच्या भिंतीवर उरलेला माल पट्टीनं निपटून घेऊ नका. फरशीवर किंवा टेबलावर एखाद्या ठिकाणीच चिकट चट्टा राहतो तो बहुतेक वेळा या निपटलेल्या मालाचा असतो. ड्रिलला मिक्सर लावत असाल तर वेग कमी ठेवा. वेगानं घोटलेला माल ताकासारखा फेसाळतो.

कागदी कप वापरू नका, त्यांवर मेणाचा थर असू शकतो. पॉलिप्रॉपिलीनचे मग वापरा. पक्का झालेला माल त्यातून दाबून निघतो.

मग तापतो तेव्हा

एका इपॉक्सी इक्विव्हॅलंटमागे सुमारे १०० किलोज्यूल उष्णता निघते. १०० ग्रॅम रेझिनमागे पन्नासएक किलोज्यूल. ही सगळी ऊब त्या मालातच कोंडली गेली तर तापमान २०० अंशांहून जास्त चढू शकतं. पातळ थरात ती हवेत, फरशीत निघून जाते. मगात, बादलीत जायला वाट नसते. म्हणून किलोभर माल मगात दहा-पंधरा मिनिटांत धूर सोडतो आणि तोच माल फरशीवर पसरला तर तासभर रोलर फिरवता येतो. डब्यावरची पॉट लाइफ, म्हणजे मिसळलेला माल वापरण्याजोगा राहतो तो वेळ, बहुधा २५ अंशांना आणि १०० ग्रॅमसाठी सांगितलेली असते. मेच्या चाळिशीत, पत्र्याच्या शेडमध्ये, दोन किलोच्या बादलीला तो आकडा लावू नका.

तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ ला तीस मिनिटं टिकणारा माल ३५ ला पंधराच टिकतो. उन्हाळ्यात रेझिन आणि हार्डनर दोन्ही आदल्या रात्री थंड खोलीत ठेवा, काम सकाळी आठच्या आत उरका, एका वेळी अर्धा किलोच्या वर मिसळू नका आणि मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

मग तापून वास, धूर यायला लागला तर त्यावर झाकण ठेवू नका, त्यात पाणीही ओतू नका. हातमोजे घालून तो बाहेर मोकळ्यात न्या, कोरड्या वाळूवर ठेवा आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभे राहा.

थंडी

निफाडचा पारा दर थंडीत बातमीत येतो. त्या हवेत पहिली अडचण हार्डनरची नसते, रेझिनची असते. डबा उघडला की आत साखर धरलेल्या मधासारखा पांढुरका, दाणेदार गोळा. माल खराब झालेला नाही, रेझिनचे स्फटिक झालेत. झाकण सैल करून डबा ५० ते ६० अंशांच्या गरम पाण्यात ठेवा, अधूनमधून ढवळा, एकही दाणा उरला नाही इतकं पारदर्शक होऊ द्या. दाणे राहिले तर त्यांच्यावरून पुन्हा स्फटिक वाढतात, शिवाय वजन करून घेतलेलं रेझिन सारखं नसतं. मग २५-३० अंशांवर येऊ द्या आणि तेव्हाच हार्डनर. गरम रेझिनमध्ये ओतलेला टेटा तुम्हाला ब्रश उचलायलाही वेळ देणार नाही.

दुसरी अडचण वेगाची. १० अंशांना क्रिया २५ अंशांच्या तुलनेत जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते. तेवढा वेळ अमाईन पृष्ठभागावर मोकळं बसून राहतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं. अशा वेळी हार्डनर वाढवला तर मोकळं अमाईन आणखी वाढतं, म्हणजे रोगालाच खुराक. शेड गरम करा, पण कशानं? कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर लावला तर ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, ब्लशला लागणारे दोन्ही जिन्नस, नेमके शेडमध्येच सोडले जातात. विजेचा ब्लोअर किंवा हॅलोजन घ्या, आणि हवा गरम करण्यापेक्षा ज्यावर काम करायचं तो भाग गरम करा.

वेगच हवा असेल तर ॲक्सिलरेटर आहे: डीएमपी-३०, १०० भाग रेझिनमागे १ ते ३ भाग. किंवा सॅलिसिलिक ॲसिड, बेंझिल अल्कोहोल असलेला तयार "विंटर" हार्डनर. पॉट लाइफ त्या प्रमाणात घटते, म्हणून आधी ५० ग्रॅमवर करून बघा.

पावसाळा

ओल्या हवेत अमाईन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बामेट आणि बायकार्बोनेट हे क्षार होतात. तो ब्लश. पृष्ठभाग मेणचट, कधी पांढुरका, कधी नुसता निस्तेज. बोट ओलं करून घासलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, ओला पीएच कागद टेकवला तर निळा-हिरवा होतो. त्यावर दुसरा कोट मारला तर काही दिवसांत पापुद्रा सुटतो.

ब्लश पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि हिरवी घासणी घेऊन धुवा, स्वच्छ फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग ८० ते १२० नंबरचा सँडपेपर मारा. आधी ॲसिटोननं पुसू नका, त्यानं ब्लश निघत नाही, फासला जातो. आधी कागद मारणंही चूक, क्षार ओरखड्यांमध्ये भरतात.

लोखंडावर कोटिंग करायचं तर पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. जुलैतल्या एखाद्या ढगाळ दुपारी हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २२.३ येतो. म्हणजे पत्रा २५.३ च्या वर हवा, आणि हवाच २४ आहे. पत्रा गरम केल्याशिवाय ते काम होणार नाही, ब्रँड कोणताही आणा. काँक्रीटवर मीटरभर पॉलिथिन चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल धरलेली दिसली किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर फ्लोअरिंग पुढं ढकला.

द्राक्षाचं खोड ओतायचं तर

बाग मोडली की निघणारी जुनी खोडं रेझिनमध्ये बसवून टेबल, दिवे करायचं काम हल्ली बरंच चालतं. खोड सोलून साल पूर्ण काढा, तारेच्या ब्रशनं भेगांतली माती काढा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत सावलीत वाळवा. भेगांमध्ये हवा भरलेली असते. तापमान वाढत असताना ती बाहेर येते आणि उतरत असताना आत ओढली जाते. म्हणून सीलर कोट संध्याकाळी मारा. नाशिकची संध्याकाळ झपाट्यानं उतरते, लाकूड रेझिन आत पिऊन घेतं. तोच कोट सकाळी मारला तर दुपारपर्यंत बुडबुड्यांची रांग लागते.

साचा ३० × २० × ४ सेंटिमीटर असेल तर २४०० मिलिलिटर. खोड पॉलिथिनमध्ये गुंडाळून साच्यात ठेवा, भोवती तांदूळ भरा आणि ते तांदूळ मापात मोजा. समजा १५०० मिलिलिटर निघाले. मिश्रणाची घनता १.१ धरून १६५० ग्रॅम माल. डी-२३० जातीच्या हार्डनरला १००:३२, म्हणजे १२५० ग्रॅम रेझिन आणि ४०० ग्रॅम हार्डनर. हे दोन थरांत ओता: प्रत्येक वेळी ६२५ आणि २००. पहिल्या थरावर बोट दाबलं तर ठसा उमटतो पण बोटाला माल लागत नाही, त्या घडीला दुसरा थर. ती वेळ चुकली तर पूर्ण कडक होऊ द्या, धुवा, कागद मारा आणि मगच ओता. हेच काम टेटावर एका दमात करायला गेलात तर मध्यभागी पिवळं, भेगाळलेलं आणि खोडापासून सुटलेलं मिळेल.

ऊब दिल्याशिवाय काम पुरं होत नाही

साध्या हवेत पक्का झालेला माल एका टप्प्यावर इतका घट्ट होतो की उरलेले अमाईन आणि इपॉक्सी एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत. ज्या तापमानाला माल ठेवला त्याच्या पंचवीस-तीसेक अंशच वर त्याचा नरम पडायचा बिंदू, म्हणजे टीजी, अडकतो. २५ अंशांना ठेवलेल्या टेटाच्या मालात तो ५० ते ६० च्या आसपास असतो. मेच्या उन्हात काळ्या पत्र्यावर बसवलेल्या पॉटिंगच्या डब्याला तेवढं तापायला वेळ लागत नाही. बाक येतो, तारा हलतात.

उपाय पोस्ट-क्युअर. २४ तास साध्या हवेत, मग ६० अंशांना २ तास, ८० ला २ तास, १०० ला २ तास. मिनिटाला एखाद्या अंशापेक्षा जास्त वेगानं चढवू नका आणि बॉक्स बंद करून आतच थंड होऊ द्या. टेटाचा टीजी यानं ११० च्या पुढं जातो. डी-२३० कितीही भाजलं तरी ९० च्या आसपासच थांबतं, त्याला ८० अंश पुरे. ओव्हन नसेल तर प्लायवूडची पेटी, आत ग्लासवूल, दोन हॅलोजन, थर्मोस्टॅट आणि हवा फिरवायला छोटा पंखा. थर्माकोलची पेटी ६० पर्यंतच ठीक.

बिघाड कुठून आला

सगळीकडे सारखाच चिकट असेल तर माप चुकलंय किंवा अजून थंडी नडतेय. आधी ५०-६० अंशांची ऊब द्या. ४ तासांत सुधारला तर थंडीच होती. नाही सुधारला तर माप, आणि मग खरवडून काढण्याला पर्याय नाही. वरून हार्डनर फासून काही होत नाही, तो आत उतरत नाही. चट्ट्याचट्ट्यांत चिकट असेल तर घोटणं कमी पडलंय. वरचा पदर मेणचट आणि खाली कडक असेल तर ब्लश.

कडक दिसणाऱ्या मालाची खात्री करायची तर कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून मिनिटभर ठेवा. काढल्यावर जागा चिकट झाली तर माल अर्धवट आहे. जागा फक्त किंचित निस्तेज झाली तर चालेल. पॉटिंगला शोअर डी (कडकपणा मोजायचा) मीटर असेल तर ८० च्या पुढं आकडा हवा.

डबे, हात, उरलेला माल

हार्डनरच्या डब्याच्या तोंडाशी पांढरी पापडी धरलेली दिसते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची करामत. ती खरवडून आत पाडू नका, पुसून घ्या, आणि रोजच्या वापराला मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत माल काढा, म्हणजे मोठा कॅन वारंवार उघडावा लागत नाही. आतला मालच गढूळ, गाळ धरलेला असेल तर त्याचा एएचईडब्ल्यू आता कागदावरचा राहिलेला नाही.

नायट्राइलचे हातमोजे घाला, चष्मा लावा. अमाईनची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर राहते, आणि नंतर थेंबभर मालानंही हात फुटतो. हाताला लागलं तर साबण-पाणी. थिनरनं किंवा ॲसिटोननं हात धुण्याची सवय मोडा, ते अमाईनला कातडीच्या आत पोचवतात. डोळ्यात उडालं तर नळाखाली १५ मिनिटं आणि थेट डॉक्टरकडे.

उरलेलं रेझिन आणि हार्डनर नालीत ओतायचं नाही. सातपूर-अंबडचं पाणी नासर्डीतून गोदावरीलाच मिळतं. दोन्ही योग्य मापात मिसळून ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटरचा थर करा आणि कडक झालेली वडी घातक कचऱ्याच्या पिंपात टाका. तारीख लिहिलेली एक वडी मात्र बाजूला ठेवून द्या. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की त्या लॉटची खात्री करायला ॲसिटोनचा बोळा हिच्यावर लावून बघता येतो.